हॅझार्डस वेस्टचे कागद : लहान कारखान्यांनी नक्की काय सांभाळायचं?

लेथवाला
नमस्कार मंडळी. दर वर्षी जून उजाडला की लहान कारखानदारांच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरायला लागतात. फॉर्म ४ (हॅझार्डस वेस्टचा, म्हणजे घातक कचऱ्याचा, वार्षिक रिटर्न) भरला का, कोणाकडे नमुना आहे का, गेल्या वर्षीचेच आकडे टाकले तर चालतात का, आणि उत्तरही ठरलेलं, कन्सल्टंटला विचार. कन्सल्टंट लोकांशी माझं काही वाकडं नाही, माझाही एक आहे, पण तो येतो कधीमधी आणि वेस्ट रोज तयार होतो, म्हणून म्हटलं एकदा धागाच काढू, ज्याला जे माहीत आहे ते त्याने टाकावं.

आधी माझ्यापुरतं. मशीनिंग आणि प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. निघतं काय तर वापरलेलं हायड्रॉलिक ऑइल, तेलकट कॉटन वेस्ट, केमिकलचे रिकामे कॅन आणि बॅरल, प्लेटिंगचा गाळ आणि ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) स्लज, म्हणजे गाळच. हे सगळं २०१६ च्या हॅझार्डस अँड अदर वेस्ट्स नियमांच्या शेड्यूल १ मध्ये नंबर घालून दिलेलं आहे. वापरलेलं तेल ५.१, प्लेटिंगचा स्लज १२.८, रिकामी बॅरल ३३.१, तेलकट चिंध्या ३३.२, ईटीपीचा केमिकल स्लज ३५.३. हे पाठ असायची गरज नाही, पण आपल्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात) हॅझार्डस वेस्टचा जो तक्ता असतो तो काढून बघा, त्यात कुठला वेस्ट, किती आणि विल्हेवाट कशी लावायची ते लिहिलेलं असतं. बहुतेकांनी तो तक्ता कन्सेंट हातात आला त्या दिवशी पाहिलेला असतो, त्यानंतर नाही.

माझं निरीक्षण असं की कागद कमी पडले म्हणून फारसं कोणी अडकत नाही. कागद ढीगभर असतात. अडकतात ते आकड्यांचा मेळ बसत नाही म्हणून. कन्सेंटमध्ये एक आकडा, लॉगबुकात दुसरा, मॅनिफेस्टवर (वेस्टच्या गाडीबरोबर जाणाऱ्या कागदावर) तिसरा आणि फॉर्म ४ मध्ये चौथाच. १ एप्रिलची शिल्लक, त्यात वर्षभरात तयार झालेला मिळवायचा, पाठवलेला वजा करायचा, आलं उत्तर ते ३१ मार्चला शेडमध्ये खरोखर दिसलं पाहिजे. एवढं एक गणित ज्याचं जमतं त्याला तपासणीला घाम फुटत नाही.

तर येऊ द्या तुमचे अनुभव.

फाईलचाफा
मी त्या कन्सल्टंट जमातीतलाच, त्यामुळे सांभाळून बोलतो :) 

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. लोकांच्या दोन गोष्टींत कायम गल्लत होते ती आधी सांगतो. हॅझार्डस वेस्टचा वार्षिक रिटर्न म्हणजे फॉर्म ४, तो ३० जूनपर्यंत, आदल्या एप्रिल ते मार्च वर्षाचा. आणि पर्यावरण विवरणपत्र, ज्याला सगळे नुसतं फॉर्म ५ म्हणतात, ते १९८६ च्या पर्यावरण नियमांखालचं वेगळं, ते ३० सप्टेंबरपर्यंत. दोन्हीत वेस्टचे आकडे असतात आणि बरेचदा दोन वेगळ्या माणसांनी भरलेले असतात, एक अकाउंट्सवाल्याने आणि एक माझ्यासारख्याने. आता सगळं ऑनलाइन असल्यामुळे एका टेबलावर बसून दोन्ही शेजारी शेजारी उघडून बघता येतात हे लोक विसरतात.

दुसरं म्हणजे शून्य. मी रिटर्नमध्ये "निरंक" बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. ईटीपी रोज चालतो, विजेचं मीटर तसं सांगतंय, चुना आणि पॉलीइलेक्ट्रोलाइटची बिलं आहेत, आणि स्लज शून्य? मग पाण्यातलं धातू गेलं कुठे, बाकी कुठे नाही तर नाल्यात, असंच समोरचा समजणार. कमी दाखवला म्हणजे आपण चांगले दिसतो हा समज डोक्यातून काढा. खरा आकडा कन्सेंटमधल्या मर्यादेपेक्षा जास्त येत असेल तर कन्सेंटमध्ये दुरुस्ती मागा, तो सरळ रस्ता आहे.

बेकरभांडे
चाफा, तुमच्या शून्याला थोडी केमिस्ट्रीची जोड देतो.

क्रोम प्लेटिंगचं उदाहरण घ्या. जॉब (मुलामा द्यायची वस्तू) बाथमधून काढला की त्याला चिकटून जे क्रोमिक ॲसिड धुण्याच्या पाण्यात जातं ते शेवटी ईटीपीत येतं. तिथे आपण पीएच २ ते ३ च्या आसपास आणून मेटाबायसल्फाइटने सहा संयुजेच्या क्रोमियमचं तीन संयुजेचं करतो, मग चुन्याने पीएच वर नेऊन हायड्रॉक्साइड खाली बसवतो. आता हिशेब बघा. १ किलो क्रोमिक ॲसिडमध्ये साधारण ५२० ग्रॅम क्रोमियम असतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड होतं जवळपास १ किलो, पण हे झालं कोरडं. फिल्टर प्रेसमधून निघणाऱ्या केकमध्ये तीन चतुर्थांश पाणी असलं तर तोच १ किलो ४ किलोचा केक होऊन बाहेर पडतो. वर चुन्याचा न विरघळलेला भाग आणि जिप्सम आहेच. म्हणजे महिन्याला किती क्रोमिक ॲसिड विकत घेतलं आणि त्यातलं किती जॉबवर चढलं एवढं माहीत असेल तर स्लज किमान किती निघायला हवा हे कोणीही कागदावर काढू शकतो. तपासणीला येणारा केमिकल इंजिनियर असेल तर तो काढतोच.

आणि यातच एक गोम आहे जी मी बऱ्याच ठिकाणी बघितली आहे. स्लज तयार झाला त्या दिवशी ओला वजन करून लॉगबुकात १०० किलो लिहिला. मग तो ड्राइंग बेडवर वाळला. ७५ टक्के पाणी होतं म्हणजे घन भाग २५ किलो, पाणी ५० टक्क्यांवर आलं की त्याच मालाचं वजन भरलं ५० किलो. गाडी आली, काट्यावर ५०, मॅनिफेस्टवर ५०. आता लॉगबुक म्हणतं १००, पाठवले ५०, उरलेले ५० दाखवा. दाखवणार काय, ते हवेत गेले! आणि माणूस खरं सांगत असून चोरासारखा उभा राहतो.

लेथवाला
बेकरभांडे, हे अगदी नेमकं पकडलंत. आमच्याकडे आता वजन वाळवून बॅगेत भरताना करतात, बॅगेला नंबर, त्यावर तारीख आणि वजन, आणि तोच आकडा फॉर्म ३ च्या रोजच्या नोंदीत जातो. ओलं वजन ईटीपीच्या लॉगमध्ये वेगळं असतं आणि शेजारी ओलावा किती टक्के ते. गाडीत बॅगांचे नंबर मोजूनच चढतात.

मुंगूस
चर्चा छान आहे पण मला जरा वैतागून लिहायचंय, माफ करा. हे सगळे नियम मोठ्या कंपन्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत. आमचा वर्षाचा स्लज म्हणजे एक छोटा टेम्पो. ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही म्हणे. मान्य. पण उचलणारी गाडी अर्धी भरत नाही तोवर येत नाही, फोन केला की पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात फोन केला की ड्रायव्हर सुट्टीवर, आणि इकडे बॅगेवरची तारीख मात्र माझ्या नावावर पुढे सरकत असते. विल्हेवाट केंद्राची मेंबरशिप घेतली, सॅम्पल दिलं, ॲनालिसिसचे पैसे भरले, तरी मीच दोषी. बरं माल गेटवर नेऊन टाकतो म्हटलं तर माझ्या गाडीला तो न्यायची परवानगी नाही. करायचं काय?

फाईलचाफा
मुंगूसराव, वैताग रास्त आहे, गाडीचा त्रास खराच आहे. पण त्याच नियमात तुमच्यासाठी एक खिडकी ठेवलेली आहे जी फार कमी लोक उघडतात. नियम ८ वाचा. वर्षाला १० टनांपर्यंत वेस्ट तयार करणाऱ्याला राज्य मंडळ ९० दिवसांची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. देऊ शकतं म्हणजे आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तो ९० दिवस उलटायच्या आधी करावा. उलटून गेल्यावर केलेला अर्ज म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कबुलीजबाब.

आणि गाडीवाल्याला फोन करू नका. म्हणजे करा, पण फोन झाल्यावर लगेच मेल टाका. "अमुक तारखेला इतक्या बॅगा तयार आहेत, उचलावे." तीन मेल फाईलला असले की गाडी आली नाही हा तुमचा बहाणा राहत नाही, पुरावा होतो.

मुंगूस
१८० दिवसांचं खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद. पण वैताग मागे घेत नाहीये :)

सावळी
मी वकील आहे, याच विषयात काम करते, म्हणून दोन गोष्टी टाकते.

पहिली गोष्ट शिक्षेची, कारण यावर चुकीचे मेसेज फार फिरतात. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ च्या कलम १५ मध्ये आधी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही असं होतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ते बदललं, आणि १ एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड आला, जो कोर्ट नाही तर नेमलेला अधिकारी ठरवतो. लोकांना वाटलं चला, जेल गेला, सुटलो. सुटलो वगैरे काही नाही. पूर्वी खटला उभा राहायलाच वर्षं जायची, आता दंड लावणं प्रशासनाला उलट सोपं झालंय. शिवाय लावलेला दंड भरला नाही तर कैदेची तरतूद आहेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नियम २३ नुसार वेस्ट नीट न हाताळल्यामुळे पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर जबाबदारी तयार करणाऱ्यावर येते. लोक म्हणतात मी तर भंगारवाल्याला विकलं, पावती आहे. अहो, ज्याच्याकडे तो माल घ्यायचं अधिकारपत्रच नाही त्याची पावती म्हणजे तुमच्याविरुद्धचा पहिला कागद. त्याने ते तेल कुठल्या ओढ्यात ओतलं की शोध लागत लागत गाडी तुमच्याच दारात येते.

गॅरेजनामा
वर भंगारवाल्याचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्याकडे गाड्यांचं सर्व्हिसिंग होतं, जुनं इंजिन ऑइल नेणारे लोक घरपोच येतात, रोख पैसे देतात. अधिकारपत्रवाला शोधला तर तो कमी भाव देतो आणि वर कागद मागतो. सगळे असंच करतात. आणि एक जण म्हणाला की लहान धंद्यांना २०१९ पासून सूट आहे, हे खरं का?

सावळी
अर्धं खरं, आणि त्या अर्ध्यावरच लोक फसतात. १ मार्च २०१९ च्या दुरुस्तीने ज्या उद्योगांना पाणी आणि हवा कायद्याखाली कन्सेंटच लागत नाही त्यांना हॅझार्डस वेस्टचं वेगळं अधिकारपत्र घ्यायची गरज ठेवली नाही. पण पुढचं वाक्य वाचा, त्यांनी आपला वेस्ट अधिकृत वापरकर्त्याला, संकलकाला किंवा विल्हेवाट केंद्रालाच दिला पाहिजे. सूट कागदातून आहे, जबाबदारीतून नाही. तेव्हा आधी तुमच्या कामाला कन्सेंट लागतो का ते मंडळाच्या वर्गवारीत बघा, सर्व्हिसिंगला पाणी, तेल, वॉशिंग आलं, लहान म्हणजे आपोआप सूट असं धरून चालू नका.

बेकरभांडे
गॅरेजनामा, तेलाबद्दल माझ्याकडून. जुनं इंजिन ऑइल ही चांगली किंमत येणारी गोष्ट आहे, ते शुद्ध करून परत वापरता येतं, पण त्याला अटी आहेत. शेड्यूल ५ मध्ये पुनर्प्रक्रियेला योग्य अशा तेलाच्या मर्यादा आहेत, पीसीबी हे विषारी रसायन २ पीपीएमच्या आत, शिसं १०० पीपीएम, आर्सेनिक ५ पीपीएम वगैरे. आता होतं काय, एकच बॅरल कोपऱ्यात ठेवलेलं असतं आणि मेकॅनिक मंडळी त्यात सगळं ओततात, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, पार्ट धुतलेलं थिनर, कार्ब्युरेटर क्लीनर. ज्या तेलाला गिऱ्हाईक होतं त्याचा असा खिचडा झाला की अधिकृत माणूस ते घेत नाही, घेणार तो फक्त तुमचा तो रोख पैसेवाला, आणि तो त्याचं काय करतो हे न विचारलेलं बरं, कुठल्यातरी भट्टीत जळण म्हणून जातं बहुधा. बॅरल वेगळी ठेवा, झाकण लावा, पावसाचं पाणी जाऊ देऊ नका. भावातला फरक तिथेच बराचसा भरून निघतो.

शिवाय वापरलेल्या तेलासाठी १ एप्रिल २०२४ पासून विस्तारित उत्पादक जबाबदारी लागू झाली आहे, ज्याला सगळे ईपीआर म्हणतात. तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना ठराविक तेलाचं रिसायकलिंग झाल्याचं दाखवावं लागतं, त्यामुळे नोंदणी असलेल्या रिसायकलरला नोंदीतलं तेल हवंच आहे. आणि जुन्या बॅटऱ्या यात मिसळू नका, त्यांना २०२२ चे वेगळे बॅटरी नियम आहेत.

गॅरेजनामा
कूलंटचं अगदी बरोबर बोललात, आमच्याकडे तेच चालतं :( उद्यापासून दोन बॅरल.

लेथवाला
आता मॅनिफेस्टवर थोडं लिहितो, कारण तिथे लोक "गाडी गेली, विषय संपला" असं धरतात.

फॉर्म १० च्या सात रंगीत प्रती असतात. पांढरी आपण मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची, उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. माल पोचला की गुलाबी घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो, निळी आपल्याला परत येते, आणि करडी फक्त माल दुसऱ्या राज्यातून आला असेल तर पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळाला जाते. हल्ली काही ठिकाणी हे ऑनलाइन निघतं पण साखळी तीच.

माझ्या दृष्टीने या सातांत जीव आहे तो निळीत. पिवळी एवढंच सांगते की माल गेटबाहेर पडला. तो पोचला हे निळी सांगते, घेणाऱ्याच्या सहीसकट आणि त्याच्या काट्याच्या वजनासकट. मी फाईलला पिवळी लावली की तिच्या पाठीमागची जागा मुद्दाम रिकामी ठेवतो, निळी आली की तिथेच टाचायची, म्हणजे महिन्याच्या शेवटी फाईल चाळली की कुठली गाडी अजून लोंबकळतेय ते लगेच दिसतं. वजनात फरक आला तर त्याच आठवड्यात मेल टाकून विचारायचं. पुढच्या जूनमध्ये विचारलं तर कोणालाच काही आठवत नाही.

अनवट
बऱ्याच वर्षांपूर्वी एका केमिकल कंपनीत स्टोअरला होतो, नाव नको. तिथे निळ्या प्रती यायच्या पण त्या पोस्टाने अकाउंट्सला जायच्या, अकाउंट्सवाले बिल पास झालं की फाडून टाकायचे, कारण त्यांच्या दृष्टीने तो बिलाचा जोडकागद. मंडळाने मागितल्या तेव्हा धावाधाव. टीएसडीएफवाल्यांनी (विल्हेवाट केंद्रवाल्यांनी) त्यांच्या गुलाबीच्या झेरॉक्स दिल्या म्हणून निभावलं. तेव्हा निळी कोणाच्या टेबलावर येते हेही बघा राव.

बेकरभांडे
कागदांचं बरंच झालं, आता शेडकडे या. माझ्या मते कागदातली चूक दंडावर भागते, शेडमधली चूक माणूस घेऊन जाते.

प्लेटिंगवाल्यांना हे नव्याने सांगायला नको पण तरी सांगतो, सायनाइडचा वेस्ट आणि ॲसिडचा वेस्ट एका छपराखाली एका डाइकमध्ये (गळती अडवणाऱ्या बांधात) ठेवू नका. गळती होऊन दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू, पुढचं बोलायला नको. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरिन. कॉस्टिकच्या कॅनशेजारी ॲल्युमिनियमचा बुरा सांडला तर हायड्रोजन. हे सगळे पदार्थ एकेकटे वर्षानुवर्षं शांत असतात म्हणून आपल्याला वाटतं काही होत नाही. मी जिथे जिथे शेड बघतो तिथे पहिलं फरशीच्या उताराकडे बघतो. उतार एकाच गटाराकडे असेल तर वरती कितीही पिवळे पट्टे मारा, खाली सगळे भेटणारच.

केंद्रीय मंडळाच्या जाळण्यायोग्य वेस्टच्या साठवणुकीच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात ड्रम तीनच्या वर एकावर एक रचू नका असं आहे, आणि ज्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) ६५.५ अंशांच्या खाली आहे त्याचे ड्रम एकावर एक ठेवायचेच नाहीत. दोन रांगांत माणूस जाऊन गळती बघू शकेल इतकी जागा हवी. जागा नाही म्हणून भिंतीला चिकटवून रचलेले ड्रम मी इतक्या ठिकाणी बघतो की काय सांगू, मागचा ड्रम गळतोय हे वास आल्याशिवाय कळतच नाही.

पावशेर
मी कामगार बाजूचा माणूस, आठव्या फॉर्मबद्दल बोलतो. वेस्टच्या ड्रमवर जे लेबल लावायचं त्याची पार्श्वभूमी चकाकती पिवळी हवी, धोक्याचे शब्द लाल, धुतलं तरी जाणार नाही असं, आणि मजकूर हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. नियमात स्पष्ट लिहिलंय. आणि बघायला काय मिळतं? ए४ कागदावर इंग्रजी प्रिंट, वर सेलोटेप, पहिल्या पावसात शाई ओघळली की झालं. जो माणूस तो ड्रम ढकलतो त्याला इंग्रजी येत नाही, ज्याला येतं तो शेडमध्ये जातच नाही. मराठी लेबल लावायला कुणाचं काय जातं?

ड्रायव्हरचंही तेच. त्याच्याकडे फॉर्म ९ चं आपत्कालीन कार्ड असायला हवं, अपघात झाला तर काय करायचं, पाणी मारायचं की माती टाकायची, कोणाला फोन करायचा. कार्ड असतं, पण पुष्कळदा ते डॅशबोर्डच्या खणात इंग्रजीत घडी घालून.

फाईलचाफा
पावशेर, शंभर टक्के. एक भर घालतो, लेबलवर साठवणुकीची तारीख असतेच, आणि ९० दिवस मोजले जातात ते तिथून. म्हणून काही महाभाग तारीख मुद्दाम कोरी ठेवतात. ते करू नका. कोरी तारीख ही उशिराच्या तारखेपेक्षा वाईट दिसते.

सोनसळी
वाखू (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न, केमिकलचे रिकामे प्लॅस्टिकचे बॅरल आम्ही तीनदा धुऊन विकतो. मग तर चालतं ना? धुतल्यावर त्यात काही राहत नाही.

बेकरभांडे
बाळबोध अजिबात नाही, सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. राहत नाही हे कशावरून? प्लॅस्टिक काही केमिकल आत शोषून घेतं, ते नंतर हळूहळू सुटत राहतं. आणि ते बॅरल पुढे कुठे जातं तर कोणाच्या तरी घरी पाण्याची टाकी म्हणून, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. शिवाय धुतलेलं पाणी कुठे गेलं, ते ईटीपीत गेलं का? रिकामी बॅरल ३३.१ खाली हॅझार्डस वेस्टच धरली जातात, त्यामुळे ती अधिकृत डीकंटॅमिनेशन (केमिकलचा अंश काढून साफ) करणाऱ्याकडे मॅनिफेस्टवर द्या. दुसरा रस्ता असा की ज्या पुरवठादाराकडून केमिकल घेता त्यालाच तेच केमिकल परत भरायला बॅरल परत घेतो का विचारा, पण तेही तुमच्या कन्सेंटमध्ये कसं लिहिलंय ते बघून.

मुंगूस
परत आलो. एक प्रामाणिक शंका. एवढं सगळं सांभाळून माल टीएसडीएफला गेला, पुढे तिथे काय होतं? खड्ड्यातच जातो ना शेवटी?

बेकरभांडे
सरळ खड्ड्यात नाही. गेटवर आधी सॅम्पल घेऊन तुम्ही आधी दिलेल्या ॲनालिसिसशी ताडून बघतात, जुळलं नाही तर गाडी परत. मग जो थेट लँडफिलला चालतो तो तिकडे, ज्यातून धातू पाझरतो तो आधी सिमेंट वगैरे घालून घट्ट करतात, आणि सेंद्रिय माल इन्सिनरेटरला. लँडफिल म्हणजे खाली चिकणमाती आणि जाड प्लॅस्टिकचे थर, पाझर गोळा करायचे पाइप, भरला की वरून बंद आणि नंतरही वर्षानुवर्षं भूजलाची तपासणी. पण नियम ४ मध्ये जो उतरता क्रम दिलाय त्यात विल्हेवाट सगळ्यात शेवटी येते. आधी तयारच होऊ नये, मग कमी व्हावा, मग पुनर्वापर, रिसायकल, सिमेंट भट्टीत सहप्रक्रिया (इंधन किंवा कच्चा माल म्हणून वापर), आणि काहीच जमलं नाही तर विल्हेवाट. 

प्लेटिंगमध्ये याचा साधा अर्थ काय माहितीये? जिग (जॉब टांगायची चौकट) बाथच्या वर काही सेकंद जास्त निथळू द्या. बाथलगत ड्रिप ट्रे लावा. पहिल्या धुण्याचं पाणी फेकण्याऐवजी बाथमध्ये भरणी म्हणून वापरा. जितकं क्रोमिक ॲसिड बाथमध्ये राहिलं त्याच्या चौपट ओला केक तुमच्या शेडमध्ये आला नाही, वरचाच हिशेब उलटा लावा.

अनवट
अवांतर: साठवून ठेवलेल्या वेस्टचं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण भोपाळचं. दुर्घटना डिसेंबर १९८४ ची, कारखान्याच्या आवारातला ३३७ टन वेस्ट तिथून हलला जानेवारी २०२५ मध्ये, १२ कंटेनरमधून पीथमपूरला, आणि जाळून संपला जूनअखेर. मधली चाळीस वर्षं कोणी न्यायचा, कुठे न्यायचा, कोणाच्या गावात जाळायचा यात गेली. पीथमपूरच्या लोकांनी विरोध केला तो मला तरी समजतो, दुसऱ्याच्या पापाचा धूर आपल्या दारात का.

सावळी
अनवट, अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. ज्याने तयार केला त्याच्याकडून वेळेत वसूल झालं नाही की पुढे तो सगळ्यांचा होतो.

लेथवाला
चर्चा मस्त चालली आहे, सगळ्यांचे आभार. माझ्याकडून एक प्रश्न जो मला कन्सल्टंटनेही नीट सांगितला नाही. आमचा एक वेस्ट शेजारच्या राज्यातला रिसायकलर घ्यायला तयार आहे, त्याच्याकडे अधिकारपत्र आहे, प्रत मागवून घेतली, मुदत आणि क्षमता दोन्ही तपासलं. माल पाठवायच्या आधी दोन्ही राज्यांच्या मंडळांची एनओसी लागते का? इथे दोन लोकांनी दोन उत्तरं दिली.

फाईलचाफा
दोघंही बरोबर असतील, त्यांनी वेगवेगळ्या कामांसाठी सांगितलं असणार. अंतिम विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात पाठवणार असाल तर दोन्ही मंडळांची एनओसी लागते. रिसायकलिंग किंवा सहप्रक्रियेसारख्या वापरासाठी पाठवणार असाल तर एनओसी नाही, पण वाहतूकदाराच्या ताब्यात माल द्यायच्या आधी दोन्ही मंडळांना कळवावं लागतं. मधे तिसरं राज्य लागत असेल तर तिथल्या मंडळालाही. आणि करडी प्रत विसरू नका, ती यावेळी खरोखर लागणार आहे.

लेथवाला
झालं, समजलं. मधे राज्य लागत नाही, दोनच मंडळं. पत्रात बॅगांचे नंबर टाकू का नुसतं वजन?

फाईलचाफा
दोन्ही टाका. आणि मेलची पोच मिळाल्याशिवाय गाडी बोलावू नका.